तुझ्या नावावरचं दार

बेलपाडा, खारघर
११ मार्च २०२५

हृतिक,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. ते तू घरी आलास की डोक्यावर हात ठेवून देईन, पोस्टाने पाठवायचे नाहीत मला.

तू फोन उचलत नाहीस. परवा शेजारच्या निकेशच्या मोबाईलवरून केला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. म्हणून पत्र. मामाच्या गावाला, आपट्याला, अजून पोस्टमन येतो, आणि तुळशीराममामा माझं पत्र फाडायचा नाही, एवढा माझा भावावर विश्वास आहे. तू लगेच वाचणार नाहीस, उशीखाली ठेवशील. लहानपणी माझ्याच हातचा मार खाऊन माझ्याच पदराला नाक पुसणारा तू, तुझी खोड मला माहीत आहे.

काम एकच आहे. ग्रेसच्या भाडेकराराची मुदत संपली आहे. तू तिचं नाव घेत नाहीस, 'ती काळी' म्हणतोस, म्हणून मीच नीट लिहिते. ग्रेस. युगांडातून औषधांचं शिकायला आलेली, तीन वर्षं आपल्या दुसऱ्या मजल्यावर राहिलेली, तुला ताप आला तेव्हा रात्रभर जागून तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी. तिचं शेवटचं वर्ष आहे आणि परीक्षा मे महिन्यात. पण परदेशी माणसाला इथे राहायचं तर सरकारदरबारी पत्ता दाखवावा लागतो, आणि पत्ता म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. वीस एप्रिलच्या आत तो दाखवला नाही तर तिला परीक्षा न देताच परत जावं लागेल.

मी करारावर सही करायला गेले होते. वकिलाच्या ऑफिसातला पोरगा म्हणाला, काकू, तुमचा काय संबंध? घर हृतिकच्या नावावर आहे. त्याचा फोटो आणि अंगठा लागेल. मला हसू आलं. तुझे बाबा गेले तेव्हा सरकारने जमिनी घेतल्या त्याच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यातला हा प्लॉट आपल्या तिघांच्या नावावर आला होता. मी आणि तुझ्या बहिणीने, समीक्षाने, हक्कसोड करून तुझ्या एकट्याच्या नावावर केला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आपल्या गावात असंच करतात, मुलाचं घर मुलाच्या नावावर. वकिलाने तेव्हा विचारलं होतं, बाई, तुमचं नाव राहू दे का? मी म्हटलं, मुलाचं ते माझंच की. सही करून वर पेढे वाटून आले.

तर एवढंच. अर्धा तास ये, अंगठा दे आणि जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तिच्या हाताचं प्लास्टर निघालं, तू विचारणार नाहीस तरी सांगते.

आई


२४ मार्च

हृतिक,

उत्तर नाही. बरं.

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही हे तुला ठाऊक आहे. तू नाही तर दुसरं कोणी, म्हणून मी टॉवरमधल्या अरुंधतीबाईंकडे गेले होते. आठवतात ना? त्यांचा टॉवर बांधून होत होता तेव्हा वर्षभर आपल्याच खोलीत भाड्याने राहिल्या होत्या. पुण्याहून आलेल्या, आणि सुकटीच्या वासाने नाकाला रुमाल लावायच्या. पण चांगल्या बाई. आता सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. मुलगी परदेशात, तीन खोल्यांत दोघंच नवरा-बायको.

गेटवर वॉचमनने अडवलं. कुठे जायचंय, कामाला आलात का? मी म्हटलं, बाबा, तू उभा आहेस तिथे आमचं खाचर होतं, इथे मी पोटुशी असताना भात लावलाय. तो बिचारा बिहारचा, त्याला काय कळणार. वहीत नाव लिहायला लावलं.

अरुंधतीबाईंनी चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली. मी सगळं सांगितलं. एक खोली द्या, दोन महिन्यांसाठी, परीक्षा झाली की ती जाईल. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मग म्हणाल्या, "भामाताई, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही. मुलगी छानच असणार. पण सोसायटीत लहान मुलं आहेत, लोक घाबरतात हो."

मी विचारलं, कशाला घाबरतात? तर म्हणाल्या, "तसं काही नाही, पण तुम्हाला कळतंय ना."

मला कळलं. त्यांची मुलगी जिथे राहते तिथे तिला दुकानात कोणी काही बोललं, म्हणून याच बाईंनी मागे आपल्या ओट्यावर बसून तासभर डोळे पुसले होते. मी त्याची आठवण करून देणार होते. माझ्या स्वतःच्या पोराने काय केलंय ते मला माहीत होतं, मी कुठल्या तोंडाने बोलणार? वडी मात्र खाल्ली नाही.

घरी आले तर ग्रेस ओट्यावर अभ्यास करत बसली होती. काय झालं विचारलंच नाही तिने. माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि चहा टाकायला उठली. चार ठिकाणी तिला हेच ऐकायला मिळालंय. फोनवर खोली रिकामी असते, तिला पाहिलं की भरलेली असते. आता तर ती हसते त्यावर. मला ते हसणं बघवत नाही.

खरं सांगू? समीक्षाच्या हळदीपर्यंत मला यातलं काही दिसतच नव्हतं. ग्रेस आपल्या घरात सुकट खायची, तिच्याकडेही तसेच बारीक वाळवलेले मासे खातात म्हणून. हिरव्या केळ्यांचं वाफवून काहीतरी करायची, मी ते सुकटीबरोबर खायचे. मना, तुना करत आपल्यासारखी बोलायला लागली होती. मला वाटायचं, झालं, माणूस माणसात मिसळलं. आंधळी होते मी.

आई


६ एप्रिल

हृतिक,

आज सगळं लिहिते. आत्तापर्यंत मी आडून आडून लिहिलं, कारण आईच्या हाताला ते लिहवत नव्हतं.

समीक्षाच्या हळदीला मी ग्रेसला वाटी दिली. हौसामावशी लग्नाचं गाणं, धवला, म्हणत होती, सुवासिनी एकेक करून हळद लावत होत्या, आणि समीक्षाच म्हणाली, आये, ग्रेसला लावू दे. पोरीने जपून, जशी देवाला लावावी तशी, समीक्षाच्या गालाला हळद लावली. मला वाटलं किती गोड दिसतंय. उरणच्या विहीणबाईंनी ती वाटीच बाजूला सरकवली. नवी वाटी मागवली. समीक्षाचे गाल ओल्या फडक्याने पुसले आणि पुन्हा हळद लावली. हौसामावशीने ते बघितलं आणि ती पुढची ओळ म्हणायला लागली.

आणि तुझ्या कुठल्या मित्राने त्याचं शूटिंग करून गावभर पाठवलं. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते तू वाचलंस, मीही वाचलं. हृतिकच्या घरात नवी वहिनी आली का, असं. तुला लाज वाटली. ती वाटायला हवी होती त्या लिहिणाऱ्यांची. तुला वाटली तिची.

तिसऱ्या दिवशी मी लग्नाची भांडी परत द्यायला गेले होते. आले तर जिन्यात तिची पुस्तकं, तिचं पातेलं, तिच्या आईचा फोटो, सगळं पडलेलं. तू तिला वेणीला धरून खाली आणत होतास आणि खाली तुझी चार पोरं उभी होती. तू म्हणालास, "चल, तोंड कालं कर इथून." आणि मग त्यातला एक म्हणाला, "हिना अजून काय कालं करायचा?" आणि तुम्ही सगळे हसलात. हसताना तुझा हात सुटला आणि ती खाली पडली. तो पडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

डॉक्टरला तिने सांगितलं, पाय घसरला. मी पोलिसात चल म्हटलं, तर म्हणाली, केस झाली तर माझा व्हिसा जाईल, तुझा मुलगाही जाईल, काय मिळेल कोणाला? त्या रात्री मी तुला जेवणावरून उठवलं. तिची माफी मागेपर्यंत या घरात ताट मिळणार नाही म्हणाले. तू म्हणालास, ती गेली की येईन. आणि मोटरसायकल काढून आपट्याला गेलास.

हृतिक, तू कधी आरशात बघतोस का रे? तू तव्यासारखा काळा आहेस. तुझे बाबाही, मीही. मला बघायला आलेल्या पहिल्या तीन घरांनी 'पोरगी काली हाय' म्हणून नारळ परत केला होता. लग्नानंतर तुझी आजी मला वर्षभर डाळीचं पीठ लावून घासायची, भांडं घासावं तशी. तू जन्मलास तेव्हा पहिली बातमी बाहेर गेली ती ही, की पोर काळा आहे पण मुलगा आहे. मी रडले होते. तुला जवळ घेऊन ठरवलं होतं की याला कोणी असं बोललं तर त्याची जीभ उपटीन. तुला बोलणाऱ्यांसाठी मी तयार होते. तू बोलशील असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

तुझ्या बाबांनी जमिनीच्या मोर्चात डोक्यावर लाठी खाल्ली. ती खूण तू लहानपणी बोटाने चाचपायचास. लोक म्हणायचे, या अडाणी गाववाल्यांना जास्त भाव कशाला? बाबा म्हणायचे, आपल्याला माणसात धरत नाहीत. आणि त्यांच्या पोराने काय केलं? अन्याय म्हणजे आपल्यावर होतो तेवढाच, असं आपण समजून बसलो आहोत. हे आपल्यातच बदललं नाही तर बाहेरून येऊन कोण बदलणार?

काल गावकीची बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. बळीरामभावोजी अध्यक्ष. त्यांना आडून बोलायची सवयच नाही. म्हणाले, "वयनी, आमचा त्या पोरीशी काय वाकडा नाय. पन गावाची पोरा बिघडतान. ती हाय तवर देवीची पालखी तुझ्या दारात थांबायची नाय."

मी म्हटलं, थांबली नाही तर नाही. असं म्हणाले खरं, पण सून म्हणून आले तेव्हापासून एकही वर्ष पालखी आपल्या ओट्यासमोरून न थांबता गेली नाही. तुझे बाबा गेले त्या वर्षीसुद्धा थांबली. हौसामावशी बायकांत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या लग्नात धवला म्हणणारी बाई, तिने तरी काही बोलावं. ती म्हणाली, "भामा, माजा काय म्हनना नाय. पन गावात रावाचा हाय ना आपल्याला?"

समीक्षाचाही काल फोन आला. सासरच्यांनी सांगितलंय, ती मुलगी घरात आहे तोपर्यंत माहेरी पाऊल टाकायचं नाही. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला मोठ्याने बोल म्हणावं लागलं.

हे सगळं ग्रेसला कळता कामा नये म्हणून मी धडपडते आहे. तिला सगळं कळतं. गाव छोटं, भिंती पातळ.

अजून दोन आठवडे आहेत. ये रे. तुझ्या अंगठ्यावर एका पोरीचं सगळं शिक्षण अडलंय.

आई


१९ एप्रिल

हृतिक,

काल मी आपट्याला आले होते, हे तुला माहीत आहे.

करार घेऊन आले होते. वकिलाच्या ऑफिसातला पोरगा त्याचं अंगठ्याचं मशीन घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसला, केवढी विनवणी केली त्याची. म्हटलं, तुला यायला लाज वाटत असेल तर मीच येते. मामा अंगणातच जाळं विणत बसला होता. मला बघून उठला आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "हृतिक घरात नाय, भामे. सकालीच गेला पेनला."

मोटरसायकल आंब्याखाली उभी होती. तुझ्या चपला दारात होत्या, डावीचा अंगठा तुटलेला, मीच दिवाळीत म्हटलं होतं नवीन घे. मी भावाच्या तोंडाकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. त्याला खोटं बोलायची सवय नाही. तुझ्यासाठी बोलला.

मी दारात बसले. आत तुझ्या पंख्याचा कुरकुर आवाज येत होता. हाक मारली नाही. आईने मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी आणि त्याने दाराआड श्वास रोखून बसावं, हे मला सोसलं नसतं. संध्याकाळ झाली. वकिलाकडचा पोरगा दोनदा घड्याळ बघून गेला, मग म्हणाला, काकू, माझ्या घरचे वाट बघत असतील. मामीने केळीच्या पानात नदीचे मासे बांधून दिले. म्हणाली, त्याला आवडतात, पण तुम्हीच न्या. रिक्षात तो पोरगा माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या समोर मी रडले, आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर.

घरी आले तर ग्रेसची बॅग भरलेली होती. तिने तिकीट काढलं होतं. तुझी वाट बघत नव्हती ती. मी बघते आहे म्हणून मला बघू देत होती.

रात्री मासे केले. दोघींनी खाल्ले. तिने काटे माझ्यापेक्षा सफाईने काढले.

आई


२८ एप्रिल

हृतिक,

हे शेवटचं पत्र. आता तू आपट्याला नाहीस, बळीरामभावोजींकडे उतरला आहेस, इथून चार घरं पलीकडे. निकेशच्या हातात देते आहे.

ग्रेस वीस तारखेला गेली. जाताना बॅग उचलायला गावातलं कोणी आलं नाही. निकेशने रिक्षा आणली, तीही कोपऱ्यावर उभी केली, गल्लीत आणली नाही. तिने खोली धुऊन पुसून ठेवली, भिंतीवरचा खिळासुद्धा काढला. मी तिला समीक्षाच्या हळदीतली ती पहिली वाटी दिली, विहीणबाईंनी सरकवलेली. दुसरं काय देणार होते? तिने ती कपड्यांत गुंडाळली. म्हणाली, "आये, मना नको रडवू. मी गेली का तो येल. तुना पोर पायजे ना?" मी तिच्या गालावरून हात फिरवला. तिचा जो हात जिन्यावर मोडला होता, तो अजून पूर्ण वर होत नाही.

परीक्षा गेली. पुन्हा यायचं तर पहिल्यापासून कागद, व्हिसा, फी. तिच्या बापाने गाई विकून पाठवलं होतं तिला. ती परत येणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

काल पालखी निघाली. मला वाटलं होतं मी बघायलाही जाणार नाही, पण ढोल लांबून ऐकू आला आणि सवयीने हातात केरसुणी आली. ओटा झाडला. रांगोळी काढायला बसले आणि उठले. देवीचा चांदीचा मुखवटा पालखीत येतो, पण देवळात आतली मूर्ती काळ्या दगडाची आहे, तू लहानपणी तिला हात लावायला घाबरायचास. ग्रेसला मी एकदा दर्शनाला नेलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, आये, ही आमच्यातली वाटते. मी तेव्हा हसले होते.

मी आत गेले, दार लावलं आणि कडी घातली. पाठ दाराला टेकून खाली बसले.

ढोल थांबला. आपल्याच दारात. गावकीने शब्द पाळला, ती गेली म्हणून पालखी आली. मग तुझा आवाज आला. "आये, दार उघड." पालखीचा पुढचा खांदा तुझा होता. घराचा मालक म्हणून तो मान तुझा, आधी बाबांचा, त्याआधी आजोबांचा. मुलगा घरी आला होता, देवी खांद्यावर घेऊन आला होता. तू म्हणाला होतास ती गेली की येईन, आणि आलास. शब्दाचा पक्का निघालास.

तू दुसऱ्यांदा म्हणालास, "आये, देवी ताटकलते." बळीरामभावोजी म्हणाले, वयनीची तब्येत बरी नसंल. बायका कुजबुजल्या. मी उठले. हात कडीपर्यंत गेला माझा, खोटं सांगत नाही. मग मला जिन्याचा आवाज आठवला आणि हात खाली आला. ज्या दारातून तिला काढलं, ते मी तुझ्यासाठी आणि देवीसाठी कसं उघडू? तू तिसऱ्यांदा हाक मारली नाहीस. ढोल पुन्हा वाजायला लागला आणि पुढच्या घराकडे गेला.

देवी कोपेल म्हणतात. कोपू दे. मला त्याची भीती राहिली नाही, त्यापेक्षा वाईट काय व्हायचं ते झालंय. तुझ्याशी माझं भांडण नाही रे. भांडायला बळ लागतं. मला फक्त तुझ्याकडे बघवत नाही, आणि तुला जन्म मीच दिला म्हणून स्वतःकडेही बघवत नाही. घर तुझंच आहे. कागद तुझ्या नावावर आहे, कधीही येऊन कडी तोडलीस तरी कोणी विचारणार नाही. मी कुठे जाणार? तू आत आलास तर मी स्वयंपाकघरात असेन, जेवायला वाढीन. मालकाला वाढावंच लागतं.

काल रात्री ग्रेसचा फोन आला होता, तिच्या गावाहून. आवाज तुटत होता. तिने विचारलं, आये, पालखी आली का दारात? मी म्हटलं, आली. तिने विचारलं, हृतिक आला का घरी? मी म्हटलं, आला.

ती म्हणाली, मग आता तुना बरा वाटत असंल. मी हो म्हटलं.

आई